तासण्याची सुरी

लाकडावरील क्रियांना मराठीत एक क्रियापद पुरत नाही. फांदी तोडतात, ओंडका फोडतात, खुंटी तासतात, पळीचा खोलगा कोरतात. आणि प्रत्येक क्रियापदामागे कोयता, कुऱ्हाड, वाकस, पटाशी अशी निरनिराळी हत्यारे उभी असतात. रानात मुक्काम करणाऱ्यास ही सर्व बाळगणे शक्य नसते. एका सुरीवर निभाव लावावयाचा म्हणून तो बहुधा फोडण्याच्या विचाराने जाड, लांब पाते निवडतो. प्रत्यक्षात दिवसभराचे काम असते तासण्याचे, आणि तेथे हे पाते हाताला दाद देत नाही. मग जोर वाढतो, सुरी निसटते आणि जखम होते. वैद्य जवळ नसताना ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

या निवडीचा उत्तम नमुना उत्तर युरोपात सापडतो. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील मोरा येथील सुऱ्या व फिनलंडची 'पूक्को' ही मुख्यतः कामाची हत्यारे होत. फिन्निश भाषेत 'पू' म्हणजे लाकूड. सुरीचे नाव त्यावरूनच आले असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक मात्र निम्न जर्मनमधील खंजीरवाचक शब्दाकडे बोट दाखवतात. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागो, सुरीची घडण लाकडाच्याच बाजूने साक्ष देते.

मोरा येथील 'कम्पॅनियन' या सुरीचे पाते सुमारे १० सेंटिमीटर लांब व अवघे २.५ मिलिमीटर जाड असते. खरे मर्म धारेच्या उतारात आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेकच रुंद, सपाट उतार असून तो थेट धारेपर्यंत जातो. हा उतार लाकडावर टेकला म्हणजे तोच पात्याला वाट दाखवतो. मनगट किंचित उचलले की ढलपी जाड निघते, खाली दाबले की पातळ. धार लावतानाही तोच उतार दगडावर सपाट टेकवावयाचा असल्याने कोनाचा अंदाज करावा लागत नाही. नवशिक्यास याहून मोठी सोय नाही.

मिटणारा चाकू या कामास गौण होय. कोरताना दाब फिरला तर पाते बोटांवर मिटण्याचा संभव असतो. अचल पात्यातही त्याचा मागचा भाग मुठीत कोठवर गेला आहे, हे पाहावे. पाठीवर सोट्याने ठोकून लाकूड चिरावयाचे असेल, तर तो मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला बरा. नुसत्या तासण्यास आखूडही चालतो. पोलाद साधे असल्यास धार लवकर लागते, परंतु कोकणच्या पावसाळ्यात ते पुसून तेल लावून ठेवावे लागते. विसराळू माणसाने न गंजणारे घ्यावे.

उत्तरेकडील या सुऱ्या पाइन-बर्चसारख्या लाकडांवर वाढल्या. खैराच्या किंवा बाभळीच्या वाळक्या गाठीवर त्यांची नाजूक धार दुमडते. अशा वेळी सुरी दगडावर थोडी अधिक उभी धरून दोन्ही अंगांना दोन-चार हलके हात द्यावेत. धारेवर केसाएवढा दुसरा उतार पडतो आणि ती टिकते. तासण्याचा गुळगुळीतपणा तेवढा किंचित उणावतो.