फोटो बरोबर, पार्श्वभूमी भडक
वेबवरचे रंग सहसा एसआरजीबीच्या हिशेबानं दिलेले असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं 1996मध्ये हे माप मांडलं, तेव्हाच्या जाडजूड सीआरटी मॉनिटरांना धरून. वाइड गॅमट, म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरचा लाल-हिरवा त्याहून बराच भडक. ब्राउझरनं 'लाल 255' हा आकडा न बदलता तसाच पुढे ढकलला, की चेहरे उन्हात रापल्यासारखे लालबुंद!

फायरफॉक्स वर्षानुवर्षं फक्त रंगांचं प्रोफाइल जोडलेल्या चित्रांचेच रंग सुधारत आला. त्यामुळे फोटो ठीक, पण त्याला खेटून असलेली, नेमक्या त्याच आकड्यांची पार्श्वभूमी वेगळीच दिसते. फायरफॉक्सच्या 'अबाउट कॉन्फिग' सेटिंगांमध्ये कलर मॅनेजमेंटचा मोड 2 वरून 1 केला, की पानही ताळ्यावर येतं. अर्थात मॉनिटरचं अचूक प्रोफाइल संगणकात बसवलेलं हवं. तेवढा खटाटोप नको असेल, तर मॉनिटरच्या मेनूतला एसआरजीबी मोड लावलेला बरा.