झिंग्याचा कारोबार : आधी त्याचे पोट ओळखा

आमच्या तलवाड्याच्या (ता. गेवराई) आसपास शेततळी झाल्यापासून दुकानी कापड घ्यायला येणारे ओळखीचे लोक विचारतात, "चाचा, तळ्यात गोड्या पाण्याचे झिंगे सोडू का? भागीदारीत रक्कम घालता का?" आम्ही उलट विचारतो, "खाऊ काय घालणार?" उत्तर ठरलेले : "घरचे सोयाबीन आहे, सरकी पेंड आहे!" हिशोब इथेच चुकतो.

या धंद्यात निम्म्याच्या आसपास खर्च खाद्याचा. झिंग्याच्या डोक्याकडील कवचाखाली एक ग्रंथी असते. तीच पाचकरस सोडते. आपल्या जठरातले पेप्सिन त्याला नाही. प्रथिने पचविण्याचा मोठा भार ट्रिप्सिनवर, आणि कच्च्या सोयाबीनमध्ये नेमके ट्रिप्सिनलाच अडविणारे द्रव्य असते. माल तळ्यात जातो, अंगी लागत नाही, वर पाणी सडते. सोयाबीन नीट शिजविले तर हा दोष बराच जातो. सरकी पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. बैलाला चालते म्हणून झिंग्याला भरमसाट घालू नये.

पिष्ट तो बरे पचवितो, म्हणून कोंडा, मक्याचा भरडा चालतो. प्रथिने मात्र शेकडा ३० ते ३५ हवीत. आणखी गंमत अशी, की डॉक्टर आम्हाला मना करतात ते कोलेस्टेरॉल झिंग्याला शरीरात बनविता येत नाही आणि कात टाकायला ते लागतेच. म्हणून खाद्यात सुकट किंवा मासळीची कुटी हवी. उपाशी झिंगा कात टाकलेल्या मऊ भावाला खातो. (भागीदारीतही असे घडते, पण तो विषय वेगळा.)

झिंगा गोळी पायांत धरून सावकाश कुरतडतो. आम्ही कापडाचा रंग भिजवून पाहतो, तशी गोळी पेल्यात टाकून पाहावी. तासाभरात विरघळली तर घेऊ नये.

खाण्याबाबत कोकणातील शाफई बांधवांना अडचण नाही; हनफी उलमांत मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारूनच पैसा घालावा.

बीज हॅचरीतूनच आणावे लागते, कारण या जातीच्या अळ्यांना मचूळ पाणी लागते. ही गोष्ट १९६१ च्या सुमारास मलेशियातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांनी शोधली. बीज पावसाळ्यात सोडावे. थंडीत पाणी गार झाले की पाचकरस मंदावतात, झिंगा खात नाही. तेव्हा तेवढेच खाद्य टाकीत राहणे म्हणजे नोटा पाण्यात टाकणे. विचारणाऱ्यांना आमची अट एकच : डिसेंबरपर्यंत तळ्यात पाणी टिकत असेल, तरच हिशोबाची वही घेऊन या.