ठिणगीआधीची चरचर

पावसाळ्यात पाचगणीवर धुकं उतरलं की रात्री एखाद्या विजेच्या खांबाखाली जरा थांबून बघा. वरच्या ओल्या इन्सुलेटरपाशी चरचर चाललेली असते. अंधार पुरेसा असेल तर केसाएवढे जांभळट धागेही लुकलुकताना दिसतात. हवा फुटायला लागली की असे धागे निघतात. त्यांना ‘स्ट्रीमर’ म्हणतात.

एरवी हवा वीज वाहू देत नाही. पण एखाददुसरा मोकळा इलेक्ट्रॉन तिच्यात सापडतोच. समुद्रसपाटीवर दर सेंटिमीटरला सुमारे 30 हजार व्होल्टचा ताण पडला की तो इतका वेग घेतो की रेणूवर आदळून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असा लोंढाच सुरू होतो. पाचगणी सुमारे 1,300 मीटर उंच. इथली हवा विरळ, धावायला मोकळं अंतर जास्त, म्हणून 26 हजारांच्या आसपासच काम होतं.

लोंढ्यात दहा कोटींच्या घरात इलेक्ट्रॉन जमले की खरी गंमत सुरू होते. आता लोंढ्याच्या टोकाचा स्वतःचा ताण बाहेरच्या ताणाला भिडतो. त्या टोकाशी चेतवलेला नायट्रोजन अतिनील प्रकाश फेकतो, तो पुढच्या ऑक्सिजनमधून इलेक्ट्रॉन सोडवतो. टोक धन असेल तर तिथले नवे लोंढे उलटे टोकाकडे धावत येतात आणि टोक पुढे सरकतं. म्हणजे धागा पळतो तो सेकंदाला शंभर किलोमीटरच्याही वर, पण त्यातला कुठलाही इलेक्ट्रॉन टोकासोबत पुढे पळत नाही! एकदा निघाला की धन धाग्याला सेंटिमीटरला पाचेक हजार व्होल्टही पुरतात. आणि तो जवळजवळ थंड असतो. असे पुष्कळ धागे एका बुंध्याला मिळाले की मगच बुंधा हजारो अंशांनी तापतो.

वळवाच्या दिवसांत पाचगणीच्या टेबललँड पठारावर हाच खेळ मोठा होतो. ढगातून तापलेला बुंधा टप्प्याटप्प्यानं खाली येतो, आणि शेवटच्या काही डझन मीटरांत जमीनच वर धागे सोडते: खांबावरून, घोड्यावरून, माणसाच्या डोक्यावरून. ज्याचा धागा आधी भिडेल, वीज त्याची. जांभ्याच्या त्या सपाट माळावर उभा माणूसच उंचवटा ठरतो.

केस उभे राहिले म्हणजे धागे निघण्याच्या बेतात आहेत. तेव्हा उशीरच झालेला असतो. वाईकडून पहिला गडगडाट आला की निघावं. घोडागाडीचा आडोसा उपयोगाचा नाही, बंद मोटार चालेल.