एक बाळ, तीन भाषा

मैत्रिणींनो, बारशाच्या घुगऱ्या सोप्या, नाव अवघड! त्यातून भावजय बंगाली, भाऊ नोकरीला जर्मनीत आणि आत्या मी. मग काय विचारता?

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नातवासाठी त्यांच्या वडिलांचेच नाव हवे होते, यज्ञेश. आपण 'ज्ञ'चा 'द्न्य' करतो, हिंदीत 'ग्य' होतो, गुजरातीत 'ग्न'. भावजयीच्या आईने तर पहिल्याच दमात 'जोग्गेश' केले!

जर्मनीत निराळेच. तिथे 'जे' हे अक्षर 'य' असे वाचतात. म्हणजे जय गेला, जयंतही गेला. मला नील फार आवडले होते. पण दोन 'ई' घालून लिहावे तर जर्मन माणूस 'नेल' वाचणार, एका 'आय'ने लिहावे तर इंग्रजीत शून्य! विवेकचा बंगालीत बिबेक होतो. आणि आपला 'ळ'? त्याचे नावच काढू नका.

तुम्ही एक करा. मनातले नाव कागदावर लिहून परभाषिक शेजारणीकडून मोठ्याने वाचून घ्या. उच्चार आधी सांगायचा नाही हं! थोडा इकडेतिकडे होणारच; मुलाला ती आपलीच हाक वाटली म्हणजे झाले. आमच्याकडे अखेर 'अरुण' ठरले. बंगालीत ओरुन, जर्मनीत आरून, पण ओळखू येते.

दादा दोन दिवस गप्पच होते. बारशाला मी फोनवरूनच कुर्रर्र केले, तेव्हा मागून हळूच म्हणाले, "पाळण्यातलं नाव तरी यज्ञेश सांग गं."

तेही सांगितले.