जप्ती आणि लूट : नाना फडणिसांच्या घरावरून

वरकुटे, इंदापूर, बारामती या भागात 'जप्ती' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सावकाराचा हुकूमनामा झाला, बेलिफ पंचांना घेऊन दारात आला, दवंडी पिटली गेली, असे प्रसंग वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले नसतील तर निदान ऐकले तरी असतील. अशा वेळी घरातून पहिला प्रश्न येतो तो असा : काय नेणार आणि काय ठेवणार? आज आम्ही ज्या घराची हकीकत सांगणार आहोत ते शेतकऱ्याचे नव्हे, मराठी राज्याच्या मुख्य कारभाऱ्याचे घर होते. प्रश्न मात्र तोच आहे.

पेशवाईत एखादा कारभारी मर्जीतून उतरला म्हणजे त्याच्या घरास चौकी बसे. दारावर शिपाई उभे राहात, कोठ्यांना मोहरा लागत, कारकून आत जाऊन नगद, दागिने, भांडी, कापड, जनावरे व कागदपत्र यांची याद करीत. त्याच्या सरंजामी गावांवर सरकारी कमाविसदार जाऊन बसे. घरचा माणूस किल्ल्यावर आणि घर शिपायांच्या ताब्यात, अशी ही अवस्था असे.

हे इतक्या सहज का घडे? याची कारणे दोन दिसतात. पहिले असे की, सरंजाम ही मालकीची वस्तू नव्हती. चाकरी आहे तोवर सरंजाम, असा मूळ दंडक होता. धन्याने दिलेले धनी परत घेई, यात कोणास विपरीत वाटत नसे. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. कारभाऱ्याची तिजोरी आणि राज्याची तिजोरी यांच्यामध्ये स्वच्छ भिंत नव्हती. मोहिमेला पैसा कमी पडला तर कारभारी स्वतःच्या पतीवर कर्ज काढी, प्रसंगी पदरचे घाली. उलट सरकारी व्यवहारातून त्याचे घरही भरे. त्यामुळे घरात सापडलेला रुपया त्याचा की दौलतीचा, हे ठरविणारा शेवटी जो बलवान तोच.

आता तो दिवस पाहू. १७९५ साली सवाई माधवराव निवर्तले. पुष्कळ कारस्थाने होऊन १७९६ च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव गादीवर आले. गादीसाठी त्यांनी दौलतराव शिंद्यांना मोठ्या रकमांची वचने दिली होती आणि तिजोरीत तर खडखडाट होता. शिंद्यांचे सल्लागार सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे यांची नजर नानांकडे गेली. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना शिंद्यांच्या छावणीत परतभेटीस गेले. सुखरूप परत पोचवू, असे वचन त्यांना शिंद्यांच्या पदरच्या मायकेल फिलोज या युरोपी सेनानीने दिले होते. त्यानेच त्यांना कैद केले. त्याच वेळी बाजीरावांनी नानांच्या पक्षाच्या इतर मुत्सद्द्यांना कामाच्या निमित्ताने वाड्यात बोलावून अडकवून ठेवले.

लगेच घाटग्यांच्या टोळ्या शहरात शिरल्या. नानांचे घर आणि त्यांच्या माणसांची घरे यांवर त्या तुटून पडल्या. कित्येकांनी आपापल्या घरांतून प्रतिकार केला. रात्रभर व दुसऱ्या दिवशीही पुण्यात बंदुकीचे बार चालू होते. येथे ना याद होती, ना मोहर, ना पंच. चौकी बसविण्याच्या जुन्या रीतीत निदान कागद तरी होता; येथे तोही उरला नाही. जप्तीची लूट झाली ती अशी.

आणि लूट एकदा सुरू झाली की ती ठरलेल्या दारापाशी थांबत नाही. १७९८ साली अडकवून ठेवलेले मुत्सद्दी घाटग्यांच्या हवाली झाले व पैसे काढण्यासाठी त्यांना फटके मारण्यात आले. नानांचे आप्त गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेला बांधलेले असताना मरण पावले. पुढे पाळी आली सावकार, व्यापारी आणि ज्याच्याकडे चार पैसे असतील असा संशय आला त्या कोणाचीही. ज्या शहराच्या पतीवर फौजा उभ्या राहात, त्याच शहराची पत सरकारने आपल्या हातांनी मोडली.

नानांची बाजू मांडताना एक गोष्ट विसरता येणार नाही. त्यांना ज्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, त्याच किल्ल्यात १७७८ साली त्यांनी आपले चुलतबंधू मोरोबादादा यांना कैदेत टाकले होते. वृद्ध सखारामबापू बोकील यांना १७७९ मध्ये कैद झाली आणि किल्ल्यामागून किल्ले पाहात ते १७८१ साली रायगडावर वारले. यांपैकी कोणाचाही इन्साफ उघड न्यायसभेत झाला नाही. जे हत्यार नानांनी दुसऱ्यांवर चालविले त्याला म्यान नव्हते. ते त्यांच्यावरही उलटले.

दहा लाख रुपये घेऊन शिंद्यांनी १७९८ साली नानांना सोडले. ते पुन्हा कारभारी झाले आणि १३ मार्च १८०० रोजी वारले. मागे राहिली त्यांची अल्पवयीन पत्नी जिऊबाई. तिने कोणते कारस्थान केले होते? तरीही तिला लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. नानांचे विश्वासू धोंडोपंत निजसुरे यांनी तो किल्ला धरून ठेवला होता. १८०४ मध्ये जनरल वेल्स्ली मध्ये पडले, तेव्हा तिला पनवेलीस राहण्याची मोकळीक आणि सालीना १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या विधवेला अभय मिळाले ते परक्या सेनापतीच्या शब्दाने, हे आम्हांला फार बोचते.

आपल्या मुलखालाही याची झळ पोचली. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला हरविले. २५ ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली आणि पेशवे पळाले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली. नानांच्या अटकेला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे पुरी झाली होती. पराभवाची कारणे अनेक आहेत. परंतु स्वतःच्या कारभाऱ्यांना आणि सावकारांना नागविणाऱ्या धन्यासाठी अडचणीत कोण उभा राहणार?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेने त्याचे उत्तर लिहून ठेवले आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापुरते लागणारे बैल व बियाणे यांना जप्तीचा हात लागत नाही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला खरा. तथापि कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे घटनेचे ३००-क हे कलम सांगते.

ही कलमे रुक्ष वाटतात. पण त्या रात्री पुण्यात यांतले एक जरी कोणाला बांधील असते, तर कित्येक घरांतील चूल दुसऱ्या दिवशी पेटली असती. म्हणून उद्या आपल्या नावडत्या माणसाच्या दारात सरकारी माणसे उभी राहिली आणि आपल्याला मनातून बरे वाटले, तरी एवढे अवश्य विचारावे : हुकूम कोठे आहे, याद कोण करतो आहे, आणि घरातल्या माणसांसाठी काय ठेवले आहे? हे प्रश्न आज त्याच्यासाठी विचारले, तरच ते उद्या आपल्यासाठी विचारणारा कोणी उरेल.