गावची विहीर आणि मुलांचे प्रश्न

सामाजिक शास्त्राच्या तासास ‘विहिरीचे उपयोग सांगा’ असा प्रश्न विचारला म्हणजे उत्तरे ठरलेली येतात : पिण्यास, धुण्यास, शेतीस. वर्ग एका सुरात बोलतो, शिक्षक फळ्यावर लिहितात, मुले उतरून घेतात. जे सर्वांस अगोदरच ठाऊक होते तेच वहीत जाते. त्याच वर्गात ‘गावात तीन विहिरी असता एकच चैत्रात का आटते?’ असे विचारावे. उत्तर कोणाजवळही तयार नसते. परंतु ते शोधता येण्याजोगे असते. शोधपद्धतीचा प्रश्न तो हाच.

ही कल्पना नवी नव्हे. जॉन ड्यूई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात काढलेल्या प्रयोगशाळेत मुलांनी बोंडातून सरकी वेगळी करून पाहिली. अर्धा तास खपूनही एक औंस कापूस निघाला नाही, तेव्हा पूर्वीचे लोक सुती वस्त्रांऐवजी लोकरीची वस्त्रे का वापरीत हे त्यांना न सांगता उमगले. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर पुढे आलेल्या नयी तालीमनेही हस्तव्यवसाय व परिसर यांतूनच ज्ञान द्यावे असा आग्रह धरला. तथापि हातांना काम दिले म्हणजे शोध झाला, असा समज पुष्कळ ठिकाणी रूढ झाला. विहिरीचे सुरेख चित्र काढून घेणे हे काम खरे. पण त्यात प्रश्न कोठे आहे?

विहीर एकच का आटते, याविषयीचे मुलांचे तर्क प्रथम फळ्यावर लिहून घ्यावेत. कोणी म्हणेल उथळ आहे, कोणी म्हणेल तिच्यावर पंप बसविला आहे, कोणी खालच्या खडकाचे नाव काढील. तर्क चूक की बरोबर हे शिक्षकांनी त्या दिवशी सांगू नये. नंतर प्रत्येक तर्कासाठी ‘हे खरे असेल तर काय आढळले पाहिजे?’ असे विचारावे. दोरीस हात-हात अंतरावर गाठी मारून व टोकास दगड बांधून दरमहा पाण्याची पातळी मोजता येते. दोरी शिक्षकांनी स्वतः सोडावी आणि मुलांनी दूर राहून नोंद करावी. कठडा नसलेल्या विहिरीवर वर्ग मुळीच नेऊ नये. कोणत्या शेतास कशाचे पाणी मिळते हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून कळते. वृद्ध स्त्रियांना तर पुष्कळच ठाऊक असते, कारण पाणी त्यांनी वाहिलेले असते.

दोन पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत तेथे या पद्धतीचे खरे मोल दिसते. समजा, एक आजी सांगतात की विहीर 1972 च्या दुष्काळात खणली, आणि कठड्याच्या दगडावर मात्र शके 1850 कोरलेले आहे. शकात 78 मिळविले की 1928 येते. मग आजी खोटे बोलल्या काय? येथे घाई करू नये. आणखी दोघांना विचारल्यावर कदाचित असे निघेल की दुष्काळात जुनीच विहीर खोल केली होती, आणि ज्यांनी तेथे खडी फोडली त्यांच्या स्मरणात तेच खणणे राहिले. दगड, दप्तर आणि माणसाची आठवण हे तीन प्रकारचे साक्षीदार आहेत, हे दहा वर्षांचे मूल अशा वेळी समजू शकते. ‘इतिहासाची साधने’ ही व्याख्या पाठ करून ते समजत नाही.

एका अडचणीविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. विहिरीची चौकशी सुरू झाली की एखादे मूल घरून उत्तर आणते : ‘आमच्या पणजीला त्या विहिरीवर चढू देत नसत.’ असे उत्तर पुसून टाकू नये. तसेच त्या मुलास उभे करून घरची मानहानी वर्णावयास लावू नये. प्रश्न त्या मुलापासून काढून सार्वजनिक इतिहासाकडे न्यावा. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी तेथे सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय यावयास 1937 उजाडले. ठराव झाल्यावरही पाणी का मिळाले नाही? हा प्रश्न चौथीच्या मुलांना पेलतो. मात्र अस्पृश्यता योग्य की अयोग्य, हा वर्गातील मतदानाचा विषय नव्हे. संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने तो निकालात काढला आहे. अशा चौकशीची कल्पना शाळा व्यवस्थापन समितीस अगोदर दिलेली बरी. मागाहून खुलासे करण्यात शिक्षकांची शक्ती व्यर्थ जाते.

पाठ्यक्रम पुरा कसा व्हावयाचा, ही शंका रास्त आहे. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्यास प्रत्येक पाठ शोधपद्धतीने घेणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. नद्यांची नावे व दिशा सांगूनच शिकवाव्या लागतात. सत्रात एक चौकशी नीट पार पडली तरी पुरे. तिच्यातही शिक्षकांना उत्तर येत नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे मोकळेपणी म्हणावे. याने मान कमी होत नाही.

मोजणीची वही मुलांच्या दप्तरात न जाता शाळेच्या कपाटात राहावी. एका उन्हाळ्याच्या नोंदीवरून फारसे ठरत नाही. तीन-चार वर्षांच्या नोंदी जवळ असल्या की पाऊस आणि पातळी यांचा संबंध मुलांना स्वतः लावता येतो. वर्षअखेर जो प्रश्न सुटला नसेल तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून पुढील वर्गाकडे द्यावा.