मशीन बदललं, आकडा बदलला!

समजा, तुमच्या चष्म्याचा नंबर मायनस सहा आहे. काही वर्षांपूर्वी गावी डोळ्यांचा ओसीटी स्कॅन केला, तेव्हा नसांच्या थराची सरासरी जाडी 98 मायक्रॉन आली होती. आता कॉलेजच्या शहरात पुन्हा स्कॅन केला, तर 91! मग काय, रात्रभर गुगल आणि 'काचबिंदू' हा शब्द वाचून झोप गायब. पण थांबा. आधी हे विचारा : दोन्ही वेळा मशीन एकच होतं का?

डोळ्याच्या पडद्यावरून, म्हणजे रेटिनावरून दहा लाखांच्या आसपास मज्जातंतू मेंदूकडे जातात. त्यांच्या थराला म्हणतात आरएनएफएल. काचबिंदूत हे तंतू मरतात आणि थर पातळ होतो. गेलेले तंतू परत येत नाहीत, आणि आपल्याला कळेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून तर ही मोजणी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग!

ओसीटी 1991 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी जगापुढे आणलं. सोनोग्राफीसारखंच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. जुनं स्ट्रॅटस मशीन सेकंदाला 400 रेषा स्कॅन करायचं. नंतरचं सिरस 27 हजार, स्पेक्ट्रॅलिस 40 हजार. शिवाय थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ही सीमा प्रत्येकाचं सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने आखतं. त्यामुळे निरोगी डोळ्यात स्ट्रॅटसचा आकडा सिरसपेक्षा सहसा काही मायक्रॉन जास्त येतो. वयामुळे होणारी झीज दहा वर्षांत साधारण 2 मायक्रॉन. म्हणजे नुसतं मशीन बदललं, तरी कागदावर डोळा कित्येक वर्षांनी म्हातारा!

जीडीएक्स नावाचं मशीन तर वेगळ्याच तत्त्वावर चालतं. तंतूंमधून जाताना ध्रुवीकृत प्रकाशात जो बदल होतो, त्यावरून ते जाडीचा अंदाज बांधतं. ओसीटी जिथे 90-100 दाखवतं, तिथे याचा आकडा पन्नाशीच्या आसपास. डोळा तोच!

'मग तेवढा फरक वजा करू ना!' नाही जमत. निरोगी डोळ्यात हा फरक वेगळा, आजारी डोळ्यात वेगळा. उलटा धोकाही आहेच. थर खरंच पातळ झालाय, पण नवं मशीन आकडा जास्त दाखवतं. मग आजार वाढूनही 'सगळं ठीक' वाटतं.

रिपोर्टवरचे हिरवा, पिवळा, लाल रंगसुद्धा त्या कंपनीने तपासलेल्या निरोगी लोकांशी केलेली तुलना असते. मोठा मायनस नंबर असला, की डोळा लांबट असतो, तंतूंची रचना सरकते आणि आजार नसतानाही लाल येऊ शकतो. सिरसच्या यादीत 18 वर्षांखालचे नाहीतच; त्यामुळे अकरावी-बारावीवाल्यांना तिथे रंगच मिळत नाहीत.

मग करायचं काय? प्रत्येक स्कॅनची प्रिंट जपून ठेवा. त्यावर मशीनचं नाव आणि सिग्नल किती हे असतं. सिग्नल कमी असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. फॉलोअप शक्यतो त्याच मशीनवर करा. मशीन बदललंच, तर नव्या मशीनचा पहिला रिपोर्ट हीच नवी सुरुवात समजा. आणि निदान डॉक्टरांवर सोडा. ते डोळ्याचं प्रेशर, नस आणि फील्ड टेस्ट हे सगळं एकत्र बघतात. घरात कुणाला काचबिंदू असेल, तर ते त्यांना न विसरता सांगा.